माइक निवड समिती

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीच्या शाखेत एक माइक घ्यायचा होता, म्हणून समिती नेमली गेली. दर गुरुवारी मुख्य कार्यालयाशी व्हिडिओवर बैठक व्हायची. लॅपटॉपच्या माइकमधून शाखेचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा जायचा, आणि तिकडच्या संचालक, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, दर दोन मिनिटांनी "काय म्हणालात?" असं विचारायच्या. तेव्हा शाखाप्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, तिघांची माइक निवड समिती स्थापन केली. अध्यक्ष स्वतः साहेब. एक सदस्य गोदामवाले, कारण माल त्यांच्या ताब्यात यायचा. दुसऱ्या सदस्य ताई, कारण इतिवृत्त लिहायला आणि चहा सांगायला कुणीतरी लागतंच.

ताईंचं खरं काम निराळं होतं. कुठली लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकली, कुठल्या मिस्त्रीला कुठे धाडायचं, कुठला सुटा भाग कधी येणार, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. पण मुख्य कार्यालयासमोर शाखेचा आवाज एकच असला पाहिजे असा साहेबांचा दंडक होता, आणि तो आवाज कुणाचा हे सांगायची गरज नव्हती. त्यातून एक रीत पडली होती. मोठ्या बाईंनी प्रश्न विचारला की साहेब विचारात गढल्यासारखी खोलीत एक फेरी मारायचे. फेरी नेमकी ताईंच्या खुर्चीपाशी संपायची. साहेब कान खाली करायचे, ताई उत्तर कुजबुजायच्या, आणि साहेब ताठ होऊन तेच खड्या आवाजात ठोकून द्यायचे. अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. साहेबांच्या स्मरणशक्तीचे तिकडे गोडवे गायले जायचे.

गेल्या महिन्यात मुख्य कार्यालयानं फर्मान काढलं: प्रत्येक पदाचं काम एका ओळीत कळवा, जास्तीची पदं कमी करायची आहेत. ताईंच्या पदापुढे काय लिहायचं यावर साहेबांनी चांगलं अर्धं मिनिट विचार केला आणि सांगितलं, "दूरध्वनी घेणे." ते टाइपही ताईंनीच केलं. घरी गेल्यावर त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं.

"मग तू गप्प का बसलीस?" नवऱ्यानं शिलाई मशीनवरून मान वर न करता विचारलं. तो शिंपी होता आणि त्याच्या शिलाईवर घर जेमतेम अर्धंच चालायचं.

"काय बोलू?"

"रोज त्यांच्या कानात बोलतेस तेच, जरा मोठ्यानं."

ताईंना राग आला, आणि तो नवऱ्याचा नव्हता, स्वतःचाच होता. बावन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी कोण देणार? पदांचा निकाल येत्या गुरुवारी लागायचा होता. आणि तोवर त्यांनी करायचं काय, तर साहेबांचा आवाज नीट जावा म्हणून माइक निवडायचा!

समितीची पहिली बैठक समितीला वही कुठल्या रंगाची असावी यात गेली. दुसऱ्या बैठकीपर्यंत दुकानदारानं चार माइक पारखायला पाठवले. टेबलावर माइक ठेवायचा, साहेबांनी बोलायचं आणि गोदामात कानाला हेडफोन लावून बसलेल्या मिस्त्रीकाकांनी कसं ऐकू येतंय ते सांगायचं, असं ठरलं. पारख साहेबांच्याच आवाजावर का, असं कुणी विचारलं नाही. तसं विचारायची तिथे पद्धत नव्हती.

पहिला माइक लांब मानेचा होता. त्याच्यासमोर एका जागी बसावं लागायचं. "मी फिरत फिरत विचार करतो," साहेब म्हणाले. तो बाद. दुसऱ्याला बटण होतं, दाबलं तरच आवाज जायचा. ताईंना तो पसंत पडला.

"साहेब, हा बरा आहे. जे ऐकवायचं तेवढंच तिकडे जाईल."

"दर वाक्याला बटण दाबायला मी काय लिफ्टमध्ये उभा आहे?"

तिसऱ्याचं खोकं गोदामवाल्यांना फार आवडलं, पण खोकं सोडून त्यात घेण्यासारखं काही नव्हतं. चौथा डब्याच्या झाकणाएवढा, चपटा, गोल, चारही बाजूंनी ऐकणारा. साहेब खिडकीपाशी गेले, दारापाशी गेले, कपाटाकडे तोंड करून "हॅलो, एक, दोन, तीन" म्हणाले. गोदामातून दर वेळी "झकास!" असं उत्तर आलं. तेवढ्यात ताई गोदामवाल्यांच्या कानाशी पुटपुटल्या, "याचा दिवा डोळ्यांत जातोय."

"मग कागद चिकटवा की त्यावर, ताई!" लॅपटॉपमधून मिस्त्रीकाकांचा आवाज आला.

ताई साहेबांकडे वळल्या. "साहेब, याला कुजबूजसुद्धा ऐकू येते."

"उत्तम! म्हणजे माझा आवाज किती खणखणीत जाईल बघा."

"तसं नाही साहेब, मी जे बैठकीत तुमच्या..."

"ताई, तांत्रिक बाबतीत तुम्ही पडू नका."

ताई पडल्या नाहीत. एकदा सांगून झालं होतं, आणि दुसऱ्यांदा सांगणं हे काही दूरध्वनी घेण्यात बसत नव्हतं. त्यांनी इतिवृत्तात लिहिलं: चौथा माइक एकमतानं मंजूर.

गुरुवारी माइक टेबलाच्या मधोमध विराजमान झाला. पडद्यावर मोठ्या बाई आल्या. "वा, आज आवाज स्वच्छ येतोय," त्या म्हणाल्या, आणि साहेबांची छाती दोन बोटं फुगली.

"त्या इस्पितळातली लिफ्ट महिन्यात दोनदा का बंद पडली?"

साहेबांनी फेरी मारली, कान खाली केला. ताई कुजबुजल्या, "दाराचा पट्टा झिजलाय. नवा सोमवारी येतोय. तोवर मिस्त्री रोज सकाळी बघून येतात."

साहेब ताठ झाले. "मॅडम, त्याचं असं आहे..."

"पट्टा झिजलाय, सोमवारी नवा येतोय. कळलं. बाजाराच्या इमारतीतून किती तक्रारी आल्या?"

साहेब गोंधळले. अजून आपण बोललोच नाही, मग मोठ्या बाईंना कळलं कसं? पण अकरा वर्षांची सवय, पाय आपोआप वळले.

"नऊ," ताई कुजबुजल्या. "आणि साहेब, सांभाळा, त्यांना सगळं ऐकू जातंय."

"अहो, ते नंतर!" साहेब दबक्या आवाजात खेकसले. "माझ्याकडे काही नाहीये, आधी आकडा नीट सांगा!"

गोदामवाले टेबलाखाली पडलेलं पेन शोधायला वाकले. त्यांचं पेन खिशात होतं. पडद्यावर मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. ताईंना वाटलं, संपलं. आता बोल आपल्यालाच लागणार, साहेबांना कधी लागलाय?

"नऊ तक्रारी," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी समोरचा कागद उचलला. "आता पदांची यादी. तुमच्या शाखेत एक पद आहे, त्यापुढे फक्त 'दूरध्वनी घेणे' असं लिहिलंय. हे पद काढावं असा प्रस्ताव आहे. या पदावरची व्यक्ती नेमकं काय करते?"

प्रश्न आला की फेरी. साहेब फिरले, ताईंच्या खुर्चीपाशी थांबले आणि त्यांनी कान खाली केला.

ताई त्या कानाकडे बघत राहिल्या. रोज बघितलेला कान, पण आज त्यांना त्याची कीव आली आणि मग एकदम भीतीच गेली.

"हेच," त्या म्हणाल्या. कुजबुजल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत.

पडद्यावर मोठ्या बाईंनी कागदावर एक आडवी रेघ मारली. "प्रस्ताव रद्द," त्या म्हणाल्या. मग त्यांनी यादीतली सगळ्यात वरची ओळ वाचली. "आणि शाखाप्रमुख काय करतात?"

साहेबांनी पुन्हा कान खाली केला. या खेपेला ताई काहीच बोलल्या नाहीत.