सहा डिसेंबरची मुलगी

"विशाखाला डिसेंबरात आहेच की भाषण," मंदाबाई वर्गाच्या दारात उभ्या राहूनच म्हणाल्या. "एक ऑगस्ट दुसऱ्या कुणाला मिळू दे. सगळ्यांना संधी मिळायला नको का?"

सुनंदा लेकीसाठी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. आत या, बसा, असं बाईंनी म्हटलं नव्हतं आणि म्हटलं असतं तरी ती बसली नसती. जळगावातल्या सगळ्या प्राथमिक शाळांची वक्तृत्व स्पर्धा टिळक पुण्यतिथीला होती, आणि प्रत्येक शाळेतून एकच मूल जाणार होतं. वर्गात बाईंनी सगळ्यांकडून भाषण म्हणवून घेतलं, तेव्हा बाकीची पोरं शेंगांच्या टरफलांपाशीच अडकून पडली होती. विशाखा तेवढी शेवटपर्यंत पोचली. नाव मात्र गेलं केतकीचं.

"केतकीला पाठ तरी आहे का?" सुनंदानं विचारलं.

"होईल. अजून वेळ आहे."

"मग डिसेंबरातलं भाषण केतकीला द्या. त्यालाही वेळ आहे."

मंदाबाई हसल्या. समजुतीचं, जरा दमलेलं हसू. "तसं कसं करता येईल, सुनंदाताई? त्या दिवशी तुमच्यातलंच मूल बोललेलं बरं दिसतं. मनापासून येतं ते. आणि मी काही भेद करत नाही हो. पहिलीत तिला मीच तर उभं केलं."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच सुनंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. विशाखा पहिलीत असताना बाईंनी सहा डिसेंबरसाठी तिचं नाव घेतलं, तेव्हा घरात कोण आनंद झाला होता. पोस्टात काम करणाऱ्या देवचंदनं आपली लेक बोलणार म्हणून कचेरीत सगळ्यांना सांगितलं. त्याचे चुलते लोटन आबा मेहरूणवरून चालत आले आणि शाळेच्या कुंपणाबाहेर टोपी काढून उभे राहिले. दुसरीत पुन्हा विशाखाच. तिसरीतही तीच. मधल्या काळात गांधी जयंती आली, सावित्रीबाई आल्या, सव्वीस जानेवारी आली. त्या त्या दिवशी विशाखा सतरंज्या अंथरायला आणि टाळ्या वाजवायला. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे सुनंदाच्या हाडीमांसी भिनलेलं. म्हणून ती दोन वर्षं गप्प राहिली. पण दरवर्षी शेताच्या त्याच कोपऱ्यातली माती उचलून तिच्यावरून सबंध शेत ठरवणारा माणूस चुकत नसतो, त्याला तेच हवं असतं.

"मग यंदा विशाखा डिसेंबरात बोलणार नाही," ती म्हणाली.

मंदाबाईंचं हसू गेलं. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं, सहा डिसेंबरला शिक्षणाधिकारी यायचे होते. "मुलीचं नुकसान करताय तुम्ही."

"ते तुम्ही आधीच केलंय."

घरी देवचंदनं ताट बाजूला सारलं. "शताब्दीच्या वर्षात आपलीच पोरगी गप्प बसणार? मी वस्तीत काय तोंड दाखवू?"

"तेच तोंड दाखवा. तुमची लेक चांगली बोलते हे शाळेला वर्षातून एकदाच आठवतं, ते वस्तीला सांगा."

लोटन आबा ओट्यावर बसले होते. सुनंदाकडे न बघताच ते पुतण्याला म्हणाले, "शिकेल बाई शे ती. तिले कोन समजाडी?"

विशाखा दप्तर भरत होती. "मग मी कधी बोलायचं?" तिनं विचारलं.

एक ऑगस्टला केतकी गेली. बरं बोलली म्हणे, उत्तेजनार्थ बक्षीसही आणलं. पुढं मंदाबाई रस्त्यात दिसल्या की सुनंदा रस्त्याची बाजू बदलायची, आणि बाईही पदर सावरत दुसरीकडे बघायच्या. शाळेतून निरोप आला नाही, विनवणी आली नाही. आपला बाण लागला, असं सुनंदाला वाटत राहिलं. आता दुसऱ्या कुणाला तरी बाबासाहेब वाचावे लागतील, पाठ करावे लागतील. त्यांच्या घरात एक संध्याकाळ तरी ते नाव मोठ्यानं घेतलं जाईल.

नोव्हेंबर सरता सरता झुंबरबाई नळावर भेटली. त्यांच्याच वस्तीत, गल्लीच्या टोकाला राहायची, नवरा धान्य बाजारात हमाल. तिची करुणा यंदाच पहिलीत गेली होती. झुंबरबाईचा चेहरा फुलून आला होता. "ताई, मन्ही करुणाले भाषन दिधं बाईसनी. मोठा साहेब येनार शे म्हने."

सुनंदाची कळशी भरून वाहत होती, तरी तिनं उचलली नाही. "झुंबरबाई, नाही म्हणा."

"काय?"

"तिला बाकी कधी काही देतील का, ते विचारा आधी. आमच्या विशाखाला दरवर्षी तेवढंच दिलं त्यांनी."

झुंबरबाईनं डोक्यावरचा पदर ओढून घेतला. "तुम्हनी पोरले तीन साल भेटनं, तैं तुम्ही काही बोल्यात नही. आते मन्ही पोरनी पाळी उनी तं तुम्हनं पोट दुखस." नळावरच्या बायका कान देऊन ऐकत होत्या. सुनंदानं कळशी उचलली आणि घराकडे चालू लागली. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. झुंबरबाईला सांगता येईल असं काहीच नव्हतं.

सहा डिसेंबरच्या सकाळी विशाखा लवकर उठली. पांढरा फ्रॉक तिनं स्वतःच काढून घातला आणि वेण्याही स्वतःच घातल्या. भांग वाकडा पडला होता. सुनंदानं कंगवा घेऊन हात पुढे केला, तशी ती मागे सरली.

"आज नाही गेलीस तरी चालेल," सुनंदा म्हणाली.

"मला जायलाच पाहिजे. करुणा चवदार तळ्यापाशी विसरते. मी पहिल्या रांगेत बसून तिला ओठ हलवून दाखवणार आहे."

"हे कुणी ठरवलं?"

"मंदाबाईंनी. शाळा सुटल्यावर मीच तर शिकवलं तिला. सगळं माझंच भाषण आहे."

सुनंदाला क्षणभर वाटलं, आत्ताच शाळेत जावं आणि त्या बाईला सगळ्या पोरांसमोर काय ते ऐकवावं. पण समोर पोर उभी होती, हनुवटी वर करून, जणू भांडण शाळेशी नव्हतंच, आईशी होतं. सुनंदानं आवाज जमेल तेवढा साधा ठेवला. "शिकवलंस ते चांगलं केलंस. टिळकांचंही शिकव तिला. पुढच्या ऑगस्टपर्यंत चांगलं पाठ होईल."

विशाखानं आईकडे पाहिलं. एवढंही कळत नाही का, असं.

"ते तिला कोण देणार आहे?" ती म्हणाली, आणि वाकून बुटाचा पट्टा लावू लागली.