चकाला बांधलेला दोरा

मित्रांनो, पौडच्या बाजारात चाँदभाईंच्या दुकानात मागच्या भिंतीशी जो काळा लेथ दिसतो, तो मी. माझ्या चकात, म्हणजे फिरणाऱ्या पोलादी जबड्यात, पितळेचा किंवा लोखंडाचा तुकडा पकडला की तो गरगर फिरतो आणि कारागीर त्याला हवा तसा आकार देतो. आता मी जुना झालो आहे. शेतावरच्या इंजिनांची कामे करतो.

मला राजकोटला घडवले. तिथून मी पिरंगुटला कुशाबांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आलो. एकाहत्तरचे युद्ध नुकतेच संपले होते. ठेकेदार हैबतराव आम्हाला सैन्याचे काम देत. मी तोफगोळ्यांच्या पितळी टोप्या घडवायचो. कुशाबा मला चालवत. त्यांच्या पत्नी सगुणाबाई तयार टोप्या पुसून पेटीत लावत. आपला माल सीमेवर जातो, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

खंडेनवमीला सगुणाबाई मला पुसून हळदकुंकू लावत आणि चकाला लाल दोरा बांधत. त्या दिवशी मला चालवायचे नाही, असा नेम होता.

"नवऱ्याला कदी येवढं नटवलं न्हाईस," कुशाबा म्हणत.

"ह्यो तेल घातलं की गप ऱ्हातोय. तुमी ऱ्हाताय व्हय?"

दुसऱ्या दिवशी मोटार सुरू करण्याआधी दोरा सोडावाच लागे. फिरत्या चकात दोरा राहिला तर हाताला इजा होते. कुशाबा गाठ सोडत आणि न बघताच दोऱ्याचा हात मागे करत. सगुणाबाई दोरा घेऊन खिडकीच्या गजाला बांधत. असे कितीतरी दोरे त्या गजांवर जमले होते.

मग एका पावसाळ्यात हैबतराव काम बंद झाल्याचे सांगायला आले.

"रेडिओवर तर सांगत्यात, सैन्यावरचा खर्च वाढला. मग आमचं काम कुटं गेलं?" सगुणाबाईंनी विचारले.

"परदेशात, वहिनी. तिकडनं समदा माल तयारच येतोय आता. आपल्या टोप्या कोन घेतंय?"

त्या खंडेनवमीला काम नव्हते, तरी सगुणाबाईंनी मला पुसले आणि दोरा बांधला. "काम आलं की सोडा," त्या कुशाबांना म्हणाल्या.

काम आले नाही. थंडीत सगुणाबाई तापाने गेल्या. दोरा चकावर तसाच राहिला. त्याच्यावर धूळ बसली, माझ्यावर गंज चढला. शेडचे दार वाजले की मला वाटायचे, त्याच आल्या.

पुढे कुशाबांनी एका नव्या कारखान्याच्या फाटकावर राखणीची नोकरी धरली आणि मला विकायला काढले. चाँदभाई टेम्पो घेऊन आले.

"चालवून दाव, कुशाबा. चालला तर माज्या दुकानात लावतो. न्हाई चालला, तर भंगारात घालतो."

कुशाबा दोऱ्याकडे बघत उभे राहिले.

"ऱ्हाऊ दे," चाँदभाई हळूच म्हणाले. "मी उद्या येतो."

"नगं. ह्यो भंगारात गेला तर ती मला बोलंल."

त्यांनी गाठ सोडली आणि दोरा घेऊन हात मागे केला.

हात तसाच राहिला. चाँदभाई एक पाऊल पुढे आले, पण दोरा त्यांनी घेतला नाही. शेवटी कुशाबा स्वतःच खिडकीशी गेले. तिथे त्यांना गाठ मारता येईना. फार वेळाने ती बसली. मग त्यांनी मोटार सुरू केली. मी चाललो.

मित्रांनो, इथे मला तेल मिळते, कामही मिळते. तरी खंडेनवमी आली की मला त्या शेडची आठवण येते. पिरंगुटच्या रस्त्याला एखादी बंद पडलेली पत्र्याची शेड दिसली, तर तिच्या खिडकीचे गज बघा. तिथे विटलेले दोरे असतील. त्यातल्या एकाची गाठ वेडीवाकडी आहे. ते दोरे तोडू नका.