मातीत बसणाऱ्या भाऊंचा माईक

मित्रांनो, माझ्या गळ्यात आत्ता झेंडूचा हार आहे आणि माझे डोके भयंकर तापले आहे. मी एक जुना माईक आहे. ज्यांच्या हातात मी इतकी वर्षे राहिलो ते धनराजभाऊ मागच्या आठवड्यात गेले. त्यांच्या नावाने आज जे चालले ते आठवले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मी कुठल्या कारखान्यात घडलो ते मला ठाऊक नाही. वाशीमच्या एका दुकानातून भाऊंनी मला स्वतः विकत घेतले. इथल्या एका छोट्या टीव्ही वाहिनीवर ते दर रविवारी गाण्यांचा कार्यक्रम करायचे. गाणारी माणसे ते गावोगाव हिंडून शोधायचे. इंझोरीत एका आजीने मला फुंकणी समजून जोरात फुंकले, तेव्हा भाऊ पोट धरून हसले. रिठदला मी दगडावर आपटलो, त्याचा पोचा अजून माझ्या जाळीवर आहे.

तांड्यातल्या म्हाताऱ्या बाया तोंडावर पदर ओढून, खाली बसून गायच्या. भाऊ मला स्टँडवरून काढायचे, मातीत मांडी घालायचे आणि पदराच्या काठाशी मला धरून ऐकत राहायचे. त्यांच्यातलीच रुपाबाई टीव्हीवर पहिल्यांदा गायली ती अशीच. पुढे ती त्यांना राखी बांधू लागली.

वाहिनीच्या मालकांना मात्र हे खटकायचे.

"पदराआडचं तोंड टीव्हीवर कोन पायते?" ते एकदा म्हणाले.

"पाहाले कोन सांगते? कान हायेत ना? आयका!" भाऊंनी सुनावले.

मालकांनी कार्यक्रमच बंद केला. भाऊंनी मला घरी आणून पेटीत ठेवले. तरी रविवार आला की ते मला बाहेर काढून पुसायचे. त्या हातांची आठवण आली की मला गलबलून येते.

आज वाशीमच्या सभागृहात शोकसभा होती. मालकांनी मला भाऊंच्या घरून मागवले आणि स्टँडला चिकटपट्टीने करकचून बांधले. मग माझ्यासमोर उभे राहून गळा काढला, "धनराज म्हणजे आमच्या वाहिनीचा आत्मा होता!" मित्रांनो, खोटे बोलणाऱ्याचा आवाजही मला मोठा करावाच लागतो. माझ्या जन्माची एवढीच मला लाज वाटते.

शेवटी रुपाबाई पुढे आली. गेलेल्या भावाचे गुण आठवत बहिणीने सुरात रडायचे, ही तिच्या तांड्याची रीत. त्यासाठीच ती आली होती. ती माझ्या पायथ्याशी बसली.

"बाई, उभी राह्य अन् पदर काढ. कॅमेऱ्यात दिसून नाई राह्यली तू," मालक म्हणाले.

"भाऊसाठी बसूनच रडतेत, बाप्पा. उभ्यानं कशी रडू?"

"मंग राहू दे. टाइम नाई."

रुपाबाई उठू लागली. मी वर टांगलेला, ती खाली. माझा नुसता जळफळाट होत होता.

तेवढ्यात भाऊंची मुलगी रेणू मंचावर चढली. तिने दातांनी चिकटपट्टी तोडली आणि मला खेचून काढले.

"माहा बाप खाली बसत जाय," ती मालकांवर कडाडली. "तुमाले जमत नसन त सरका!"

ती रुपाबाईसमोर मांडी घालून बसली आणि तिने मला पदराच्या काठाशी धरले. रुपाबाई रडली. तिची बोली मला सगळी कळत नाही, पण भाऊंचे नाव पुन्हा पुन्हा येत होते. सभागृहात मालकांखेरीज कुणाचेच डोळे कोरडे नव्हते.

इतके होऊनही, सभा संपून रेणू रुपाबाईला पोचवायला बाहेर पडताच मालकांनी मला हार घातला आणि सांगितले, "याले आता ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवू."

मित्रांनो, रेणू मला घ्यायला येईल, याच आशेवर मी आहे. पण तोवर तुमच्यापैकी कुणी तिथे आलात, तर माझ्यापुढे हात जोडू नका. तो हार काढा आणि मला खाली घ्या. माझी वायर अजून धड आहे, ती जमिनीपर्यंत पोचते.