शिवणवाल्या बाई पुन्हा सायकलवर बसतात

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. मला भंगार म्हणण्याआधी जरा थांबा, कारण मला माझ्यापेक्षा माझ्या मालकिणीचेच कौतुक जास्त सांगायचे आहे.

कारखान्यातून आले तेव्हा माझा रंग गर्द हिरवा होता आणि घंटी अशी खणखणीत, की गल्लीतली मांजरे निमूट बाजूला होत. मालकीण तेव्हा नुकतीच शिवणकाम शिकलेली मुलगी होती. कपड्यांचा गठ्ठा माझ्या कॅरियरवर बांधून ती घरोघरी मापे घ्यायला जाई. पुढे सगळे तिला शिवणवाल्या बाई म्हणू लागले. त्यांची लेक सायकल शिकली तीही माझ्यावरच. मग घरात स्कूटर आली आणि मी जिन्याखाली गेले. हँडलवर छत्र्या आणि सीटवर कांद्यांची पिशवी! वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

एकदा वळणावर स्कूटर घसरली आणि बाईंचा हात मोडला. हाड जुळले, पण धीर जुळेना. स्कूटर विकून टाकली. मापे घ्यायला जायचे तर लेकीच्या गाडीवरून सोडायला तिची सुटी बघा, नाहीतर नवऱ्याची मनधरणी करा. गिऱ्हाइके दुसरीकडे वळू लागली. शेवटी बाई एका सकाळी म्हणाल्या, "मी सायकल काढते."

"अगं, या वयात?" नवरा म्हणाला.

"तुम्ही आधी त्या छत्र्या उचला."

मला नव्या ट्यूब बसल्या, चेनला तेल मिळाले. अंगणात बाई ऐटीत सीटवर बसल्या, स्कूटरच्या सवयीने उजवी मूठ पिळली आणि मी पळायची वाट बघत राहिल्या! जुनी मूठ निघून हातात आली. नवरा हसून हसून पायरीवरच बसला. "किक मारायची राहिली वाटतं!" बाईही पोट धरून हसल्या. त्या हसण्याने त्यांची भीती थोडी सैल झाली, हे मला हँडलवरच्या हातांवरून कळले.

लेकीने मागून कॅरियर घट्ट पकडले. "आई, मी धरलंय हं!" तिच्या त्या पकडीने मी सारखी एकीकडे ओढली जात होते.

"सोड गं. तू धरलंस की माझं लक्ष मागेच जातं."

"आणि पडलीस तर?"

"पडले तर उठेन. सोड बघू!"

लेकीने जड मनाने हात काढला. आम्ही डुगडुगत फाटकाबाहेर पडलो. बाईंना धाप लागली, गुडघे कुरकुरले, मीही कुरकुरले. मग ते वळण आले. बाईंनी करकचून ब्रेक दाबले. आता परत फिरणार, असे मला वाटले. बाई खाली उतरल्या, मला हाताने ढकलत वळणापलीकडे घेऊन गेल्या आणि काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा बसल्या. काय सांगू, मला माझ्या मालकिणीचा केवढा अभिमान वाटला!

गिऱ्हाइकाच्या दारात आतून प्रश्न आला, "बाई, आज कुणी सोडलं तुम्हाला?"

"कुणी नाही," बाई घाम पुसत म्हणाल्या. "माझी मी आले."

मित्रांनो, आमच्या चेनला तेल घाला, आम्हाला उन्हात टाकू नका, एवढे तर मी मागणारच. पण तुमच्या घरातले मोठे माणूस पुन्हा सायकलवर बसत असेल, तर हवा भरून द्या, हवे तर पोटभर हसा, आणि त्याने 'सोड' म्हटले की कॅरियर सोडा.