बाळापूरची स्वच्छ दुपार

बाळापूरची दुपार स्वच्छ असते, हे तिथल्या हवा मोजणाऱ्या यंत्राचं म्हणणं हर्षाला कधी पटलंच नव्हतं. हवेतली बारीक धूळ किती असेल, हे सांगणारं गणित तिनं अमरावतीत बसून संगणकावर मांडलं होतं. वीटभट्ट्यांचा धूर, हायवेचे ट्रक, वर एप्रिलचा वारा. त्या गणितानुसार दुपारची हवा खराबच असायला हवी होती. सकाळ-संध्याकाळ गणिताचं आणि यंत्राचं छान जमायचं. दुपार झाली की दोघांची तोंडं दोन दिशांना.

ताडून बघायला दुसरं यंत्रही उरलं नव्हतं. बाकीच्या गावांतली उन्हानं केव्हाच बंद पडली होती.

"मोजलेलं ते खरं. तुझं गणित बदल," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं? पण इतक्या वर्षांची मेहनत आपल्याच हातानं खोडायची, हे हर्षाच्या अगदी जिवावर आलं होतं.

यंत्र परत आणायला कुणालाही धाडता आलं असतं. पण बाळापूरच्या माणिकबाईंनी उन्हाळाभर आपल्या गच्चीवर ते सांभाळलं होतं. त्यांचे आभार न मानता कसं चालेल? म्हणून साडी घेऊन ती स्वतःच निघाली. तीही भर उन्हाची. शहाणी माणसं त्या वेळी वऱ्हाडात उंबरा ओलांडत नाहीत.

गच्चीवर चढली आणि थबकलीच. यंत्रावर ओलं पोतं! चारी बाजूंनी नीट लपेटलेलं. हवा आत घेणारी नळीसुद्धा पोत्याखाली.

"काकू, हे काय?"

"काय म्हंजे? मोगरा अकोल्याले नेतो तवा टोपल्याइवर टाकतो ना, तसंच. फुलाइले ऊन लागते, अन् याले नाई लागत? बापडं तापून राहिलं होतं. रोज जेवण झालं का वलं पोतं टाकतो, ऊन उतरलं का काढतो. तुई वस्तू खराब झाली असती तं तुले काय तोंड दाखवलं असतं मी?"

रागवावं की हसावं, हर्षाला कळेना. दुपारची सगळी धूळ पोत्यातच अडकत होती. तिनं ते काढलं आणि श्वास धरून बसली. पडद्यावरचा आकडा चढत चढत गणिताच्या आकड्यापाशी येऊन रेंगाळला.

माणिकबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे माया पोत्यानं घोटाळा केला?"

"नाही हो काकू! तुमच्यामुळंच तर हे एकटं वाचलं. नाहीतर माझं गणित बरोबर की चूक, हे सांगणारं राहिलंच नसतं कुणी." हर्षानं पोतं त्यांच्या हाती दिलं. "आणखी पंधरा दिवस ठेवाल? पोतं फक्त वर, सावलीपुरतं बांधू. हवा मोकळी राहू द्यायची."

"ठेव की. मले काय जड हाये?" माणिकबाईंनी ते पोतं बादलीत बुचकळून पिळलं आणि हर्षाच्याच डोक्यावर टाकलं. "आधी तू हे घे. तोंड पाह्य कसं लालबुंद झालं."

पोत्याला मोगऱ्याचा वास येत होता. आतली हवा गार होती. त्या आडोशाला हर्षानं डोळे पुसले आणि पोटभर श्वास घेतला. यंत्र बिचारं खोटं बोललंच नव्हतं. माणिकबाईंच्या पोत्याखाली दुपार खरंच स्वच्छ होती.