रुक्माबाईंचा धारेचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे, चाकू-विळ्यांना धार लावणारा. वीतभर लांब, एक अंग खरखरीत, दुसरं मऊ. दिसतो मी शांत; पण माझा जन्म काळजी करण्यातच गेला. माझ्यावरून उठलेलं प्रत्येक पातं कुणाच्या तरी बोटांजवळ जाणार असतं.

बारीक कण दाबून, भट्टीत भाजून मला घडवलं. गोंदियाच्या बाजारात दवनीवाड्याच्या रुक्माबाईंनी मला निवडलं. त्यांनी आधी माझ्या शेजारच्या दगडाला टिचकी मारली. आवाज बद्द आला, म्हणजे आत भेग. मग माझी पाळी. माझा आवाज स्वच्छ निघाला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

दर रविवारी बुद्धवंदना आटोपली की रुक्माबाई मला पाण्यात बुडवायच्या. शेजारच्या बायाही आपापले चाकू घेऊन यायच्या. "तुमच्या दगडाची धार टिकते हो," असं त्या म्हणाल्या की मला फार बरं वाटायचं.

पुढे रुक्माबाईंची नजर गेली. मला कुणी हात लावेना. घासून घासून माझ्या मध्यभागी खळगा पडला होताच. आता तर मी मोरीजवळ दाराला टेकण म्हणून पडलो.

त्यांची सून अल्का शाळेत पोरांचा स्वयंपाक करायची. तिला धारदार चाकूची भारी धास्ती. "बोथटच बरा. लागला तरी कापणार नाई," असं ती म्हणायची, आणि माझा जीव टांगणीला लागायचा. बोथट चाकू घसरतो, मित्रांनो! आणि त्यावर जोरही जास्त लावलेला असतो. पण दगडाला तोंड कुठे?

एका सकाळी घरी ती भोपळा चिरत होती. पातं सालीत शिरेना. तिने अंगाचा भार टाकला, चाकू सटकला आणि डाव्या तळहातात रुतला. ती धावत मोरीवर आली. तिच्या रक्ताचे थेंब माझ्यावर पडले. माझ्याकडे झालेल्या दुर्लक्षात माझा काही दोष नव्हता, तरी मला अपराधी वाटलं.

पाच टाके पडले. जखम भरली, पण चाकू हातात घेतला की तिची बोटं थरथरायची. शाळेत तिच्यासोबत काम करणारी शामकला येऊन सांगून गेली, "सोमवारपासून ये वं अल्का. नाई तं दुसरी बाई पाहून राहिले."

रविवार उजाडला. अल्का चुलीपाशी नुसती बसून होती.

"काऊन गुपचूप बसली?" रुक्माबाईंनी विचारलं.

"माय, मले नाई जमत आता. हातच थरथरून राहिला."

"दगड आण माहा."

त्यांनी मला चाचपलं. अंगठा खळग्यात गेला आणि त्या थबकल्या. मला वाटलं, आता उकिरड्यावर जाणार मी. असल्या पोटावर सरळ धार येते कुठे? पण त्या म्हणाल्या, "खरबऱ्या फरशीवर रेती टाक, पाणी टाक अन् घास याले. सपाट होईपर्यंत."

घासताना मी तुटेन की काय, या भीतीने मी गारठलो. तासाभराने मात्र माझी पाठ पुन्हा एकसारखी झाली. मला पाण्यात ठेवलं. माझ्यातून निघणारे बुडबुडे थांबल्यावर ओल्या फडक्यावर मांडलं, घसरू नये म्हणून.

अल्काने चाकू धरला. पातं माझ्यावर टकटक वाजू लागलं, इतका तिचा हात कापत होता. तेव्हा रुक्माबाई तिच्या मागे बसल्या आणि त्यांनी आपले दोन्ही हात तिच्या हातांवर ठेवले. नजर गेलेली म्हातारी आणि घाबरलेली सून!

"चाकूची पाठ जराशी उचल. तेवढीच राहू दे. जोर नको लावू. आवाज आयक."

खर्र... खर्र... आवाज तुटत होता; हळूहळू सलग झाला. पात्याच्या दुसऱ्या अंगाला धातूची बारीक खरखरीत कड बोटाला लागली, तशी बाजू बदलली. मग मला उलटून मऊ अंगावर हलके हात दिले. अल्काने टमाटर घेतला. चाकू नुसता टेकवला आणि साल आपसूक उघडली. तिने मान वर केली, तेव्हा तिला कळलं, रुक्माबाईंचे हात केव्हाच बाजूला झाले होते.

सोमवारी ती चाकू फडक्यात गुंडाळून शाळेत गेली. दिवसभर रुक्माबाई दारात बसून राहिल्या. मीही खिडकीत वाळत होतो, पण माझं सगळं लक्ष रस्त्याकडे. दुपारी पावलं वाजली.

"हात दे," रुक्माबाई म्हणाल्या.

अल्काने दोन्ही हात पुढे केले. रुक्माबाईंनी एकेक बोट चाचपलं, टोकापर्यंत. मग तेच हात त्यांनी आपल्या गालांना लावले.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा दगड कुठेतरी पडला असेल. त्याला भिजवा, सपाट ठेवा, वापरून झाला की पुसून वाळवा. आणि नव्या हाताने कुणी धार लावायला बसलं, तर त्याला एकटं सोडू नका. थोडा वेळ त्याच्या मागे बसा.