बाळोबाच्या पोटातला खडा

आमच्या ह्यांना उघडं काही बघवत नाही. खिडकी दिसली की हात खिशातल्या टेपकडे जातो. पडद्यांचं दुकान आहे आमचं, पुढे दुकान, मागे घर. हे मापं घेतात आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलतात. मी कापते आणि शिवते. गोड बोलणं मला जमत नाही म्हणून मी मागेच बसते. घरात कपाटाच्या काचेला पडदा, चपलांच्या फळीला पडदा, वॉशिंग मशीनला झालर. मी एका जागी फार वेळ बसले तर मलाही चुण्या पाडतील हे.

तर असल्या घरात आमच्या लेकीने बाळोबाला आणलं. तेव्हा ती कॉलेजात होती, प्राण्यांचा अभ्यास करायची. काचेच्या टाकीत वीतभर लांबीचं, फिकट गुलाबी काहीतरी. चार पाय, लांब शेपूट, मानेच्या दोन्ही बाजूंना लाल लाल तुरे, आणि तोंड असं की सदा हसतंय. मी म्हटलं, पाल आणलीस घरात? ती म्हणाली, पाल नाही आई, सॅलमँडर आहे, बेडकाच्या नात्यातला. ते तुरे म्हणजे त्याचे कल्ले, त्यातून तो श्वास घेतो. बाकीचे बरेच सॅलमँडर लहानपणी पाण्यात असतात, मोठे झाले की कल्ले गळतात आणि मग ओल्या पाचोळ्याखाली नाहीतर दगडाखाली राहायला जातात. हा ॲक्सोलॉटल जातीचा. ह्याचं वय वाढतं, ह्याला पिल्लंही होतात, पण हा आपला जन्मभर पोराचा पोरच, पाण्यात कल्ले हलवत बसलेला. असा एक नमुना माझ्याकडे आहेच, मी म्हटलं, फक्त तो मापं घेतो.

आला तेव्हा त्याचा पुढचा एक पाय नव्हता. भावंडाने चावून तोडलेला. हे फार हळहळले. आणि मग आमच्या डोळ्यांदेखत तो पाय परत आला. आधी नुसता कोंब, मग चपटं काहीतरी, मग त्याला बोटं फुटली. हे रोज काचेला टेप लावून माप घ्यायचे. पाय पुरता झाला त्या दिवशी मला हाताला धरून ओढत नेलं आणि म्हणाले, बघ, कुठे शिवण दिसते का? त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कापडाच्या माणसाला तो केवढा चमत्कार, ते मला कळलं.

पुढे लेकीला लांबच्या शहरात नोकरी लागली, असेच सॅलमँडर पाळून त्यांचे पाय कसे उगवतात ते शोधणाऱ्या प्रयोगशाळेत. ह्यांच्या मनात होतं ती दुकान बघेल. झालं, ठिणगी पडली. हे म्हणाले, गेलीस तर मला फोन करू नकोस. ती म्हणाली, बरं, नाही करणार. आणि नाही केला. बाप तशी लेक, सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. बाळोबा मात्र इथेच राहिला. तिची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापणारी, आणि त्याला लागतं गार पाणी, असं तिने सांगितलं.

ती मला फोन करायची, दुपारी, हे मापं घ्यायला बाहेर गेले की. हे परत आले की टाकीपुढे बसून बाळोबाला विचारायचे, मला ऐकू जाईल अशा बेताने, "काय रे, बरी आहे का ती?" मीही टाकीकडे तोंड करून सांगायची, बरी आहे, सर्दी झालीय, नवीन चप्पल घेतली. तिन्ही त्रिकाळ हा तमाशा. बाळोबाला जितकं आमच्या घरातलं ठाऊक आहे तितकं सख्ख्या नातेवाइकांना नाही.

सेवा मात्र ह्यांनी मनापासून केली. त्याला पापण्या नाहीत, उजेड सोसत नाही, हे कळल्यावर टाकीला दुहेरी अस्तराचा पडदा शिवून घेतला. माझ्याकडूनच, अर्थात. गांडूळ चिमट्यात धरून समोर नेलं की बाळोबा तोंड उघडतो आणि पाण्यासकट गांडूळ आत ओढतो. चावणं वगैरे काही नाही, जे समोर येईल ते गडप. हे बघून हे लहान मुलासारखे खूश व्हायचे.

मग एके दिवशी लेक फोनवर म्हणाली, खोली बदललीय, ही गार आहे, येत्या रविवारी येऊन बाळोबाला घेऊन जाते. मी टाकीला सांगितलं. हे म्हणाले, नेऊ दे, तिचाच आहे. आणि दुकानात जाऊन एका गिऱ्हाइकाचं चांगलं कापड वीतभर तोकडं कापलं. माझ्या हातची कात्री घेऊन. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी पिशवीभर खडे घेऊन आले. हिरवे, निळे, गुळगुळीत, बोराच्या बीएवढे. टाकीचा तळ लेकीने मुद्दाम मोकळा ठेवला होता. ह्यांना ते कधीच सोसलं नव्हतं. मी म्हटलं, आधी पोरीला विचारा. म्हणाले, त्यात काय विचारायचं, जमिनीवर काही नको का बिचाऱ्याला? टाकी दिसायला लागली सुरेख, खोटं कशाला बोलू.

आणि बाळोबाने खाणं सोडलं. मागची बाजू वर करून तरंगायला लागला. त्याची कातडी इतकी पातळ की पोटातला हिरवा खडा बाहेरून दिसत होता. गांडुळाबरोबर ओढला असणार. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी तोंडाला येईल ते बोलले. लेकीच्या काळजाचा तुकडा ह्यांच्या हातून जाणार, आणि मग ती ह्या घराचा उंबरा चढेल कशाला? ते आमच्या दोघांच्याही मनात होतं. मी फोन उचलला, तर ह्यांनी माझा हात धरला.

"थांब," म्हणाले. "मी करतो."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. पण ह्यांनी दोनदा चुकीचा नंबर लावला, ते बघून मला माझंच बोलणं नकोसं झालं. पलीकडून तिचा आवाज आला, आणि हे एका दमात म्हणाले, "बाबा बोलतोय. मी टाकीत खडे टाकले. त्याने गिळला."

ती रागावली नाही. डॉक्टरसारखे प्रश्न विचारले आणि मग सांगितलं, खडे आधी काढा, आणि त्याला डब्यात ठेवून फ्रिजमध्ये ठेवा. मला वाटलं पोरीचं डोकं फिरलं. पण ती म्हणाली, ह्याला थंडी मानवते, शरीर सावकाश चालतं, ताण कमी होतो, बहुतेक वेळा पोट आपोआप मोकळं होतं. पाणी रोज बदला, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घ्या. तो कातडीतूनही श्वास घेतो, तेव्हा कोरडा हात लावू नका. आणि नाही झालं मोकळं तर? हे विचारलं ह्यांनी. ती म्हणाली, उद्या सकाळी फोन करा.

तर बाळोबा गेला फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी. वन्सं आल्या होत्या, गार पाणी घ्यायला फ्रिज उघडला, तर आत हसणारं तोंड. पाणी राहिलं बाजूला, आधी त्यांना खुर्ची द्यावी लागली. ह्यांनी डब्यावर काळं अस्तर घातलं ते त्यानंतर.

रोज सकाळी हे पाणी बदलत आणि फोन करत. पहिल्यांदा नुसतं सरकारी. कल्ले लाल आहेत. खडा तिथेच आहे. ती म्हणे, हं. मग तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, अस्तर घातलंत ते छान केलंत. त्या एका "छान"वर ह्यांनी अख्खा दिवस काढला. पुढच्या सकाळी कपबशा विसळता विसळता मला ऐकू आलं, हे विचारत होते, जेवतेस का वेळेवर? मी नळ बंद केला. पलीकडून ती बरंच काही सांगत होती, आणि हे नुसते हं हं करत मान हलवत होते, जणू तिला दिसतंय.

रविवारी ती आली. पिशवी खांद्यावरच, सरळ फ्रिजकडे. खडा अजून आतच होता. दोघं जेवली नाहीत, दोघं डब्यापाशी बसून. मी दोनदा ताटं वाढली, दोनदा झाकली. चारच्या सुमाराला ती ओरडली. डब्याच्या तळाशी हिरवा खडा, आणि बाळोबा पाय पसरून अगदी सपाट, मोकळा. माझा जीव भांड्यात पडला. ही रडत होती, हे तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही अशा विचारात हवेतच हात धरून उभे होते. मी तो हात धरून तिच्या पाठीवर ठेवला. प्रत्येक गोष्ट मलाच करावी लागते ह्या घरात.

मग तिने न्यायचा डबा बाहेर काढला. हे त्या डब्याकडे बघत म्हणाले, "मी खडे का टाकले, माहीत आहे? म्हटलं, त्याचं घर छान दिसलं तर तू त्याला नेणार नाहीस. तो इथे असला की तू येत राहशील."

तिने डबा खाली ठेवला. "बाबा, आमच्या प्रयोगशाळेत गार पाण्याच्या टाक्यांची रांग आहे. पहिल्याच दिवशी नेता आला असता मला त्याला. मी मुद्दाम ठेवला. म्हटलं, त्याचं काही विचारायला तरी तुम्ही फोन कराल. एवढे महिने वाट बघितली. मग म्हटलं, जाऊ दे, नेऊ या."

बरं, मी इतके महिने टाकीला सर्दीपडशाच्या बातम्या देत बसले, आणि ह्या दोघांनी एकाच मुक्या जिवाला मध्ये उभं केलं होतं. दोघांच्या थोबाडीत दोन-दोन द्याव्यात असं मला वाटलं, आणि दोघांना पोटाशी धरावं असंही. मी ताटं तिसऱ्यांदा वाढली.

ती दोन दिवस राहिली, बाळोबाने एक गांडूळ नीट खाल्लं तोवर. मग म्हणाली, राहू दे बाबा त्याला तुमच्यापाशी. पण हेच म्हणाले, "नाही, ने. तुझ्याशी बोलण्यासाठी मला तो आजारी पडायला नको." डबा ह्यांनीच बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे रोजच्या वेळेला उठून फोनपाशी बसले. मी चहा टाकत होते. ती पोचली होती, बाळोबाही ठीक होता, ते तिने रात्रीच मला कळवलं होतं आणि मी ह्यांना सांगितलं होतं, तोंडाकडे बघून. तरी ह्यांनी नंबर लावला. तिने घाबरून विचारलं असावं, काय झालं म्हणून.

"काही नाही," हे म्हणाले. "काम काही नाही. तुझ्यासाठीच केला."

मग पलीकडे ती गप्प आणि अलीकडे हे गप्प. फोन मात्र कोणीच ठेवेना. चहा निवत होता, तो मी परत गॅसवर ठेवला.